पैजेचं वाचन आणि समाप्तीचे रोडगे

मु. रोहिणखेड
फाल्गुन शुद्ध पंचमी

राजमान्य राजश्री नारायणराव यांस घाटाखालून उकंडरावाचा सप्रेम रामराम.

घाटावरच्या हवेत आपली प्रकृती ठणठणीत असेल, अशी खात्री आहे. आमच्याकडे सर्व खुशाल. आपल्या भगिनी सौ. सत्यभामाबाई यांचे गुडघे दुखतात, तोंड मात्र उत्तम चालते (हे वाक्य त्यांना वाचून दाखवलेले नाही).

गेल्या पाडव्याला आपण भर पंगतीत म्हणालात, की आमचे मेहुणे जन्मभर एकच पोथी वाचत आले आणि तिच्यातच म्हातारे होणार. माझं डोकं फिरलं. आपण कचेरीतले अर्जनवीस, त्यात वाचनालयाचे चिटणीस, म्हणून काय इतरांनी फक्त अंगठे उठवायचे? तिथंच पैज लागली. आपण दर महिन्याला निराळ्या विषयाचं पुस्तक पाठवायचं, मी ते एक अक्षर न गाळता, न बदलता शेवटपर्यंत वाचायचं, आणि येत्या पाडव्याला वर्ष पुरं करायचं. हरेल त्यानं आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या जेवणाला, सगळ्या सोयऱ्यांसमोर दुसऱ्याच्या डोक्याला आपल्या हातानं फेटा बांधायचा. नारायणरावांच्या डोक्याला फेटा बांधण्यापेक्षा मी विहिरीत उडी घेईन, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

पण नारायणराव, पैज लावताना आपण दोघंही एक गोष्ट विसरलो. आपल्या वाचनालयात माणसं मुकाट्यानं वाचतात. आमच्या गावात तशी रीत नाही. आपण पाठवलेलं पहिलं पुस्तक, गुरांच्या रोगांचं, घेऊन मी संध्याकाळी ओसरीवर बसलो आणि मनातल्या मनात वाचू लागलो. सत्यभामा म्हणाली, "हे काय चोरून खाल्ल्यावानी वाचून राह्यले? आमाले बी आयकू द्या!" झालं. मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं, तर सवयीनं पोथीचाच सूर लागला. तो ऐकून आळीला वाटलं, यंदा चातुर्मास लवकर लागला. रुखमाबाई हळदकुंकू घेऊन आल्या आणि पहिल्या पानावरच्या आजारी बैलाला त्यांनी बोटभर कुंकू लावलं (वाचनालयाचं पुस्तक आहे, डाग जात नाही, क्षमा असावी). मागोमाग शेषराव आले. मी पोथी वाचायची आणि शेषरावांनी अर्थ सांगायचा, ही आमची जुनी जोडी आपल्याला ठाऊक आहेच. शेषरावांना वाचता येत नाही, फक्त अर्थ येतो. त्यांनी त्याच बैठकीत सांगून टाकलं, की लाळ म्हणजे लोभ, खुरकूत म्हणजे अहंकार, आणि फिनेल म्हणजे सद्गुरू.

आता पोथी एकदा लावली की मध्येच सोडता येत नाही, आणि समाप्तीला जेवण घातल्याशिवाय ती संपत नाही. तेव्हा बैलांचे सगळे रोग आटोपल्यावर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. अतिसाराच्या प्रकरणावर नारळ फोडून जेवलेलं वऱ्हाडात दुसरं गाव नसेल. पुढं भूगोल झाला, त्यावर रोडगे. विलायतेचा प्रवास झाला, त्यावरही रोडगे (बोट बंदराला लागेस्तोवर तीन बायकांनी सोमवार धरले होते). पुणेरी बाईंच्या पाकशास्त्रात "चिमूटभर तिखट" आलं, तेव्हा ऐकायला बसलेल्या कडूबानं विचारलं, "चिमूट कोनाची बे, मानसाची का मुंगीची?" आणि त्या दिवशी वाचन तिथंच थांबलं. वांग्याचा वाफा पार उजाड झाला, पण ज्ञान वाढलं, हे मान्य केलं पाहिजे.

माघात, वर्षाचं शेवटचं पुस्तक म्हणून, आपली ती कादंबरी आली. त्यातली वत्सला नावाची पोर, तिची खाष्ट सासू, परगावी शिकणारा नवरा, हे सगळं आमच्या लोकांनी असं धरलं, की दिवेलागणीला ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही. आणि नारायणराव, शेजारच्या अंबूबाई आल्या. त्यांची शालू पहिल्या बाळंतपणात गेली, तेव्हापासून बाई कोणाच्या उंबऱ्यावर आली नव्हती. पहिल्या दिवशी भिंतीआड उभी राहून ऐकलं, दुसऱ्या दिवशी खांबापाशी बसली, आता माझ्यासमोर बसते. शेषरावांनी वत्सला म्हणजे जीवात्मा असा अर्थ काढायला घेतला, तर म्हणाली, "गप रे शेषराव! पोरगी हाय ते. तिले पोरगीच राहू दे." शेषरावांनी जन्मात पहिल्यांदा अर्थ अर्ध्यावर सोडला. वत्सलेला दिवस गेले त्या संध्याकाळी अंबूबाई हसली. मी पान चुकलो, इतकं बरं वाटलं.

सारांश, आता शेवटचं एकच प्रकरण उरलं आहे. ते पाडव्याला वाचलं की मी जिंकलो. डोकं तेल लावून तयार ठेवावं, फेटा कसा बांधतात ते मी आपल्याला आखाजीला सांगेनच.

वडिलांस साष्टांग, मुलांस आशीर्वाद.

आपला विजयी मेहुणा,
उकंडराव

ता. क. ते शेवटचं प्रकरण मी काल गोठ्यात बसून, चोरून, मनातल्या मनात वाचलं. वत्सला बाळंतपणात मरते. अगदी शालूसारखी. नारायणराव, माझ्यानं ते अंबूबाईसमोर वाचवणार नाही. पोथी अर्धी सोडताही येत नाही. तेव्हा विनंती अशी, की आपण एक नवं शेवटचं प्रकरण लिहून पाठवावं, ज्यात पोर जगते. आपल्या अर्जात मेलेली म्हैस दूध देते, असं कचेरीत म्हणतात, तर ही तर नुसती कागदावरची पोरगी. आमच्या गावचा इंद्रभान सोमवारी कोर्टाच्या तारखेला बुलढाण्यास येतो आहे, त्याच्याजवळ द्यावं. अक्षर बदललं की पैज गेली, हे मला ठाऊक आहे. गेली. फेटा कोणत्या रंगाचा हवा तेवढं कळवावं.

ता. क. दुसरा. प्रकरण लिहिताना बाळंतपण माहेरीच दाखवा, आणि कृपा करून मूल ऐन थंडीत जन्माला घाला. अंबूबाईनं आजच शालूची लुगडी काढून दुपटं शिवायला घेतलं आहे, आणि ते फार जाड होऊन राहिलं आहे.