आज पाण्याचा दिवस नव्हता

ती. अव्वा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. इतक्या दिवसांत पत्र लिहावंसं वाटलं नाही. वाटलं असतं तरी लिहिलं नसतं, माझा तो स्वभाव नाही. आज लिहिते आहे त्याला कारण पाण्याचं बिल. गेल्या पंधरवड्यात आलं. मागच्यापेक्षा वाढून आलं. आणि या वेळी दोष द्यायला घरात कोणी नव्हतं.

मागची दोन वर्षं बिल वाढलं की मी तुमच्याकडे बघत असे. कारणही होतं की नाही, सांगा! चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार, आपण दोघी हौद आणि पिंपं भरायला कंबर कसून उभ्या राहणार, आणि नवं पाणी आलं रे आलं की तुम्ही पिंपातलं उरलेलं पाणी मागच्या पायरीवर ओतून मोकळ्या. "शिळं पानी हाय ते. देवाला चालत न्हाई." मी विचारायची, पाणी कधीपासून शिळं व्हायला लागलं? त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "बीएशी झालीस, तुला न्हाई कळायचं."

असं बोलणारी बाई पाणी वाया घालवत नसेल, असं कोण म्हणेल?

शेवटच्या वर्षी तुमचं मराठी हळूहळू मागे पडलं आणि अक्कलकोटकडचं, माहेरचं कानडी पुढे आलं. आधी देवापुढे, मग साखर मागताना, मग माझ्यावर रागावताना. हे असते तर त्यांनी अर्थ लावून दिला असता, पण ते तुमच्या आधी सहा वर्षं गेले. मला कानडीतले दोन शब्द येत होते, नीर आणि ऊट. पाणी आणि जेवण. एका घरात छत्तीस वर्षं काढली आणि तेवढ्यावर भागवलं. शिकायचं कधी मनातच आलं नाही. तुम्हाला मराठी येतंय ना, मग झालं!

एका दुपारी तुम्ही खाटेवरून हाक मारलीत. "सुमन, नीर सोर्तद!" मी ऐकलं, नीर सोडत्यात. पाणी सोडत आहेत. हातातलं काम टाकून मी फाटकाजवळच्या नळाकडे धावले. नळ कोरडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक, पुन्हा कोरडा नळ. तिसऱ्या दिवशी मी धावले नाही. पाण्याच्या दिवसांवर मी लाल पेन्सिलीनं खुणा करते ते कॅलेंडर घेऊन आले आणि तुमच्यासमोर धरलं. "अव्वा, आज पाण्याचा दिवस नाही. हे बघा. आज नाही, उद्याही नाही."

तुम्ही कॅलेंडर हातानं बाजूला सारलंत. माझं मनगट धरलंत आणि माझा तळवा खाटेमागच्या भिंतीकडे ओढू लागलात. मी हात सोडवून घेतला. भाकरीचं पीठ लागलेलं होतं, भिंतीला डाग पडला असता, म्हणून.

एवढंच कारण होतं, अव्वा. डाग.

त्यानंतर बिल आलं आणि मी निर्णय घेतला. तुम्ही नळ उघडे टाकता आणि वर तुम्हाला पाणी आल्याचे भास होतात, असं मी ठरवून टाकलं. तुमच्या न्हाणीतल्या नळाची मूठ काढून कपाटात ठेवली. त्या दिवसापासून तुम्हाला तोंड धुवायलाही पाणी मागावं लागलं. मी देत होते. कधी नाही म्हटलं नाही. पण मागायला लावलं. तुमच्याच घरात.

शोभाताईंनाही मी मंगळवेढ्याला फोन करून सांगितलं. "वन्सं, अव्वांना आता समजत नाही. नळ उघडे टाकतात, भलतंच काहीतरी बोलतात." तुम्ही चार हातांवर खाटेवर होतात. मी आवाज खाली आणला नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं, रुसल्या.

असो. आता बिलाचं सांगते.

तुमच्यामागे बिल निम्म्यावर येईल, असा माझा हिशेब होता. उलट झालं. माणूस एक, धुणं एकाचं, भांडी चार, शिळं पाणी ओतणारं कोणी नाही, मग पाणी जातं कुठे? बिलाच्या मागे छापलेलं होतं: घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटर फिरतो का पाहा. मी बंद केले. छत्री धरून उन्हात मीटरपुढे बसले. काटा जागचा हलला नाही. गळती नाही, असं म्हणून उठलेसुद्धा. मग स्वतःचंच हसू आलं. त्या दिवशी पाणीच सुटलेलं नव्हतं! पाच दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या गावात मीटर बाकीच्या दिवशी फिरणार कशावर?

शोधायचं तर हौदातून मोटारीनं वर चढवलेलं पाणी शोधायला हवं होतं. गच्चीवरच्या टाकीत सकाळी आठला काठी उभी केली आणि पाण्याच्या रेघेवर सुरीनं खूण केली. काठी तुमची. दुसरी नव्हती. दुपारी दोनपर्यंत एकही नळ उघडला नाही. मग वर जाऊन पाहिलं, तर पाणी खुणेच्या चार बोटं खाली!

घरात मी एकटी. नळ बंद. आणि पाणी चार बोटं खाली. मी काठी धरून तिथेच उभी राहिले. गळती कुठे आहे ते अजून कळायचं होतं. ती तुमच्या हातून झालेली नव्हती, एवढं मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या नळीचा कॉक गच्चीवरूनच बंद केला. पाणी तरीही उतरलं. तिसऱ्या दिवशी तो उघडला आणि न्हाणी-संडासाच्या नळीचा बंद केला. पाणी जागच्या जागी. मग संडासातल्या फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ घातली आणि अर्धा तास वाट पाहिली. खाली निळं काही उतरलं नाही. म्हणजे टाकी ठीक. उरली ती भिंतीतून जाणारी नळी. आणि ती कुठून जाते, हे वेगळं सांगायला नको. न्हाणीची ती भिंत म्हणजे तुमच्या खाटेमागची भिंत.

प्लंबर बोलावला. मल्लिनाथ नाव, पन्नाशीचा, अक्कलकोट रस्त्याकडचा. त्यानं पान्याच्या मागच्या बाजूनं भिंत ठोकत आणली, मग स्टीलचा पेला मागितला. मला वाटलं चहाला. त्यानं पेला भिंतीला लावला, पेल्याला कान लावला आणि खिशातून फोन काढून साडूला सांगू लागला, "गोडी ओळग नीर सोर्तद. पाइप घिऊन ये."

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"साडूला सांगितलो मॅडम, सामान आण म्हणून."

"त्याच्या आधी. नीर काय?"

"सोर्तद."

"सोडत्यात?"

तो हसला. "सोडत्यात ते मराठी की ओ, मॅडम! सोर्तद म्हंजे गळतंय. भिंतीत पाणी गळतंय. लई दिवसाचं असणार हे. घरात कुणालाच आवाज आला न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "आला होता."

"मग?"

मी चहा ठेवायला आत गेले. साखर दोनदा घातली.

भिंत फोडली तेव्हा लोखंडी नळी गंजून सुईएवढं भोक पडलेलं दिसलं. पाणी भिंतीतून खाली उतरून शहाबादी फरशीच्या खालून मागच्या अंगणात जात होतं. म्हणून भिंतीला ओल दिसली नाही. मागची कर्दळ भर उन्हाळ्यात फुलायची, आठवतं? शेजारणीला मी सांगत असे, वेळच्या वेळी मशागत केली की सोलापुरातही फुलते. मशागत!

आता एक तक्रार करते, रागावू नका. नवी पेठेतल्या दुकानदारांशी तुम्ही चाळीस वर्षं मराठीत घासाघीस केलीत. लुगड्याचा काठ, रंग, सूत, सगळ्याला शब्द होते. मग एक "गळतंय" का नाही आठवला? एकदाच म्हटलं असतंत! पण तक्रार लिहून पाहिली आणि ती टिकत नाही. शब्द नव्हता तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. याहून अधिक कोणी काय सांगायचं? तुम्ही एकदा म्हणाला होतात, "कॉलेजात कान शिकवत न्हाईत व्हय?" तेव्हा मी तो टोमणा समजले.

आणि त्या दिवशी भिंतीकडे तोंड केलंत, ते रुसून केलं नसेल. ऐकत असाल. ते पाणी घरात एकट्या तुम्हाला ऐकू येत होतं, आणि त्याची शिक्षाही तुम्हालाच झाली.

नवी नळी बसली. गिलावाही झाला. काल संध्याकाळी काठीची खूण पाहिली, पाणी केसभरही हललेलं नाही. मल्लिनाथकडून मी एक वाक्य घोकून घेतलं. त्यानं चारदा म्हणायला लावलं, मी इतकी वर्षं शाळेत मुलांना लावत आले तसं.

न्हाणीतल्या नळाची मूठ कपाटातून काढून आज पुन्हा बसवली. वापरणारं कोणी नाही. तरी तिची जागा तिथेच.

वचन एकच देते. शोभाताईंना मी जे फोनवर सांगितलं, ते फोनवर मागे घेणार नाही. रविवारच्या एसटीनं मंगळवेढ्याला जाते आणि समोर बसून सांगते की अव्वांना सगळं समजत होतं, मला समजलं नाही. त्यांच्याकडून ज्यांच्या ज्यांच्या कानावर गेलं असेल, ती माणसं तुमच्या वर्षश्राद्धाला येतील. त्यांच्यापुढेही सांगेन, पानं वाढण्याआधी. जेवणानंतर कोणी नीट ऐकत नाही.

आणि ते वाक्य आत्ताच, तुमच्या खाटेवर बसून, भिंतीला तळवा टेकवून मोठ्यानं म्हटलं. या वेळीही हात धुतलेले नव्हते, डाग पडला तर पडू दे. उच्चार चुकला असेल तर हसून घ्या.

अव्वा, ईग नीर सोरल्ल. आता पाणी गळत नाही.

तुमची सून,
सुमन