आई बरी झाल्याची साक्ष

४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नवीन जीवन. चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरातून काल परतलो, मन अगदी धुऊन वाळत घातल्यासारखं झालंय. वक्ते म्हणाले, विश्वास हा रविवारचा शर्ट नव्हे, रोज अंगात घालायचा कपडा आहे. पटलं. रोज पहाटे उठून प्रार्थना करणार. ऑफिसात खोटं बोलणार नाही. आईची सेवा करणार. आणि ताईसाठी खास प्रार्थना, कारण आईने अंथरूण धरल्यापासून ती एकाही उपासनेला आलेली नाही. तिची आध्यात्मिक अवस्था काळजी करण्यासारखी आहे.
आज उठायला सव्वासात झाले. शिबिराचा शीण.

५ फेब्रुवारी
सेवेचा श्रीगणेशा म्हणणार होतो, आमच्यात तसं म्हणत नाहीत. सेवेला सुरुवात. आईला अर्धांगवायू झाल्यापासून उजवी बाजू गेलीये, बोलते पण हळू. तिच्याखाली चर्चच्या मंडळीने वापरायला दिलेली हवेची गादी आहे. एक छोटी मोटर आळीपाळीने तिच्या कप्प्यांत हवा भरते, म्हणजे पाठीवर एकाच जागी भार येत नाही. पाठीला एक जखम झाली होतीच, ती आता भरत आलीये. मंडळीतल्या रिटायर्ड नर्सबाई एक दिवसाआड येऊन पट्टी बदलतात.
आईजवळ प्रार्थनेला बसलो. मोटरची घूंऽ घूंऽ चालूच. एकाग्रता होईना, तसं आईला सांगितलंही. शेवटी माझ्या खोलीत दार लावून बसलो.
आई म्हणाली होती जरा कूस बदलून दे. ताईला हाक मारली. बायकांचं बायकांनी केलेलं बरं.

६ फेब्रुवारी
ऑफिस. आमच्याकडे वॉशिंग मशिनच्या तक्रारी येतात. मुदत संपत आली की मेकॅनिक गेला असो वा नसो, आम्ही तक्रार 'सुटली' म्हणून बटण दाबतो. गिऱ्हाइकाने परत फोन केला की ती नवी तक्रार. याला क्लोजिंग म्हणतात. आज मी टीम लीडरला नम्रपणे सांगितलं की यापुढे मी खोटं क्लोजिंग करणार नाही. त्याने विचारलं, ताप आहे का.
पहिली साक्ष. छान वाटलं.

८ फेब्रुवारी
ऑफिसच्या बोर्डावर, न सुटलेल्या तक्रारींमुळे, माझं नाव लाल झालंय. टीम लीडरने बाजूला घेऊन समजावलं. खूप विचार केला. नोकरी टिकली तर साक्ष टिकेल. दुपारपर्यंत सगळ्या तक्रारी क्लोज केल्या. एका म्हातारीचं मशिन महिनाभर बंद आहे, तिच्यासाठी बटण दाबण्याआधी प्रार्थना केली.
संध्याकाळी आईचं डावं बोट हललं. मी स्वतः पाहिलं. ताई म्हणते, डावा हात चांगलाच आहे तिचा, तुला इतक्या दिवसांत माहीत नाही का. हिचा विश्वास फार कमी झालाय.

१० फेब्रुवारी, रविवार
काय दिवस. आधी उपासनेत गिटार वाजवणाऱ्या पोराने सगळ्यांसमोर उभं राहून, देवाने नोकरी दिली, अशी साक्ष दिली. टाळ्या. मग मी उभा राहिलो. खरं तर आईसाठी प्रार्थनेची विनंती करायची होती. पण सगळी मंडळी वळून बघायला लागली, आणि शिबिरातलं आठवलं की मिळायच्या आधी आभार मानतो तोच खरा विश्वासू. मी म्हटलं, देवाने माझ्या आईला बरं केलं आहे. ती उठून चालली.
चालली म्हणायचं ठरवलं नव्हतं. ओघात आलं.
म्हाताऱ्या रडल्या. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी खाली उतरून मिठी मारली. नर्सबाई डोळे पुसत म्हणाल्या, जखम भरतेय ते दिसतच होतं, पण हे म्हणजे कमालच. मला आभाळ ठेंगणं झालं.
ताईला सांगितलेलं नाही. तिला झेपणार नाही.

१२ फेब्रुवारी, दुपार
आज सुट्टी. ताई दाताच्या दवाखान्यात काउंटरवर असते, ती गेल्यावर पाळकसाहेबांचा फोन आला. मंडळीतल्या एका आजोबांचं कमरेचं हाड मोडलंय. विचारत होते, गादी आता तुम्हाला लागत नसेल ना.
लागते म्हणणार होतो. मग वाटलं, हीच परीक्षा. म्हटलं, न्या. वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला बोलावून आईला उचललं, खाली कापसाची गादी घातली. तरुण संघाची पोरं न्यायला येईपर्यंत हवेची गादी घडी करून दारात ठेवली, म्हणजे त्यांना आत यायला नको. आईने विचारलं, ताईला विचारलंस का. मी म्हटलं, आई, विश्वासाला कुणाला विचारावं लागत नाही. ती म्हणाली, बरं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
ताई दारातच थबकली. म्हणाली, मोटरचा आवाज का नाही. सांगितलं, एका गरजवंताला दिली, शेजाऱ्यावर प्रीती. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि घेऊन ये. उद्या जातो म्हटलं. अशा घाईत कुणाचं मन दुखवू नये.

१५ फेब्रुवारी
नर्सबाई आल्या नाहीत. परवाही आल्या नव्हत्या. ताईने मला फोन करायला लावला. बाई खुशीत होत्या. आता तुमच्याकडे माझं काम उरलं नाही, म्हणून मुलीकडे आलेय महिनाभर, म्हणाल्या. आई किती चालते? मी म्हटलं, चालते घरातल्या घरात.
ताईला सांगितलं, बाई गावाला गेल्यात. हे शब्दशः खरं आहे.

१७ फेब्रुवारी, रविवार
आज पाळकसाहेबांना सगळं सांगायचंच, असं ठरवून गेलो. त्यांनी मलाच पुढे बोलावलं आणि तरुण संघाची प्रार्थनेची जबाबदारी माझ्यावर सोपवली. अशा प्रसंगी कसं बोलणार? उपासनेनंतर गेलो तर त्यांच्याभोवती गर्दी. पुढच्या रविवारी नक्की.

२० फेब्रुवारी
आईच्या खोलीत वास येतो. ताई खाली जमिनीवर झोपते, दर दोन तासांनी उठून आईची कूस बदलते. पट्टीही तीच बदलते, नर्सबाईंनी दाखवली तशी. डोळे सुजलेत तिचे. म्हणाली, अर्ध्या पाळ्या तू घे. आनंदाने घेतल्या.

२१ फेब्रुवारी
अलार्म ऐकू आला नाही. ध्यानासाठी फोन सायलेंटवर ठेवला होता, तो तसाच राहिला. आजपासून पक्कं.

२२ फेब्रुवारी
आजपासून पक्कं.

२३ फेब्रुवारी
ताईने दुकानात नवी गादी विचारून ठेवली होती, आठवड्यात येणार होती. मी म्हटलं कशाला, मंडळीची परत आणतोय की उद्या. नक्की ना, विचारलं तिने. मग दुकानात फोन करून नको म्हणाली. अजून विश्वास टाकते माझ्यावर. भरून आलं.

२४ फेब्रुवारी, रविवार
उपवास करून गेलो. पाळकसाहेबांसमोर उभा राहिलो, तोंडही उघडलं. तेच आधी म्हणाले की १० मार्चला आईसाठी उपकारस्तुतीची उपासना ठेवलीये, आईंना पहिल्या बाकावर बसवायचं. मी म्हटलं, चालेल.
आता देवाकडे दोन आठवडे आहेत. मी सगळा भार त्याच्यावर टाकलाय.
ताईला म्हटलं, आजोबांना गादी अजून काही दिवस लागेल. ती दुकानात परत फोन लावत होती.

२७ फेब्रुवारी
आईला सणकून ताप. डॉक्टर घरी आले. पट्टी काढली आणि मला आत बोलावलं. म्हणाले, मुलानेही बघावं.
मी जखम आजवर पाहिली नव्हती.
ते लिहिता येणार नाही. आत हाड होतं.
डॉक्टरांनी विचारलं, हवेच्या गादीवरून हिला काढलं कुणी. ताई माझ्याकडे बघत होती. मी खाली पडलेला कापूस उचलायला वाकलो. तेवढ्यात आई म्हणाली, मीच नको म्हटलं. मोटरचा आवाज व्हायचा.
आई कधी खोटं बोलत नाही. मला लहानपणी खोट्यासाठीच तर मार बसायचा तिच्या हातचा.

१ मार्च, हॉस्पिटल
विष रक्तात गेलंय म्हणतात. दुपारी आई एकटी सापडली. ठरवलं होतं, पायाशी बसून सगळं सांगायचं, साक्षीचंसुद्धा. तिने डोळे उघडले, डावा हात चादरीवर सरकवत माझ्याकडे आणला. मी मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागलो. का ते माहीत नाही. भीती वाटली म्हणून. सिस्टरने येऊन सांगितलं, आवाज कमी करा. डोळे उघडले तेव्हा आईचा हात तिथेच होता आणि ती झोपली होती.
उद्या सांगतो.

२ मार्च
भेटीच्या वेळेत तिला जखम साफ करायला आत नेलं होतं.

३ मार्च, रविवार
आई सकाळी गेली. उपासनेची वेळ होती. ताई जवळ होती. मी पाळकसाहेबांना निरोप द्यायला, म्हणजे त्यांच्याकडे मन मोकळं करायला, गेलो होतो. शेवटून दुसऱ्या बाकावर उपासना संपायची वाट बघत बसलो होतो, तिथे फोन आला.

५ मार्च
काल दफन झालं. आज घरी माणसं येऊन जात होती. आजारात आले नव्हते तितके लोक आले. कुजबुज ऐकू येत होती, अहो बऱ्या झाल्या होत्या ना, मग एकदम कसं. मी स्वयंपाकघरात जाऊन पेले विसळत बसलो.
दुपारी नर्सबाई आल्या, मुलीकडून थेट, बॅग हातातच. ताईला कवटाळून रडल्या. म्हणाल्या, अगं, चालायला लागल्या म्हणून तर मी निर्धास्त गेले, नाहीतर अशी सोडून गेले असते का.
ताई त्यांच्या खांद्यावरून वर बघत म्हणाली, चालायला लागली असं कोण म्हणालं?
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी पाहिलं. खोलीत सगळी मंडळीच होती.  सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती आणि ते मला त्या क्षणी पुरतं कळत होतं.
मी म्हटलं, देवाची योजना आपल्याला कळत नाही.
नर्सबाई आमेन म्हणाल्या. पाळकसाहेब आमेन म्हणाले. मग एकेक करून सगळे म्हणाले. ताई उठली, आईच्या खोलीतली कापसाची गादी एकटीनेच ओढत जिन्यापर्यंत घेऊन गेली. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, राहू दे, तू प्रार्थना कर.