टकळीची जागा

१० जून
चि. टकळीस, अनेक उत्तम आशीर्वाद.
तुझ्या अल्बमची छपाईआधीची सीडी मिळाली. शेजारच्या मास्तरीणबाईंचे हेडफोन लावून दोनदा ऐकली. गाणी आपल्या ट्रकच्या प्रवासांची आहेत, असं तू लिहिलं होतंस. पण त्यात तू आहेस कुठे? नुसता ट्रम्पेट आणि ते उभं धरून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन. लोकगीतं म्हणणाऱ्या माझ्या मुलीला त्या जॅझवाल्यांनी वाटेतच उतरवलं की काय? मला राग आला आहे.
बाकी ठीक. उजवा कान कायमचा गेला, असं डॉक्टर म्हणतात. तीस वर्षं ड्रायव्हरच्या खिडकीशी बसला बिचारा. काळजी करू नकोस.
लोभ आहेच, तूर्त रागही आहे.
तुझा बाबा

१७ जून
ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.
कानाची बातमी अशी शेवटी लिहितात का हो? वाचून रडले, मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या जॅझ रेकॉर्डांसारखी वाद्यं एका बाजूला आणि गळा दुसऱ्या बाजूला, हा हट्ट माझाच. नेमकी तुमच्या उजव्या कानाशी जाऊन बसले!
रेकॉर्डिस्टदादाला म्हटलं, बाजू बदला. तो म्हणाला, परवा छापायला जाणार, एका माणसासाठी नाही जमायचं. मी स्टुडिओच्या दारात ठिय्या दिला. ज्याने रस्ता दाखवला त्यालाच ऐकू येणार नसेल, तर अल्बम छापूच नका, असं सांगितलं. ट्रम्पेटवाले काका म्हणाले, ही हलायची नाही, बदलून टाक. बदललं. आता बाजारातही असाच जाईल. सोबत पाठवते आहे.
राग गेला की कळवा, लोभ तेवढा राहू द्या.
आपली टकळी

२६ जून
चि. टकळीस, अनेक उत्तम आशीर्वाद.
मास्तरीणबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं, तर त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, हेडफोन उलटे घातले असते तरी भागलं असतं! दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. बाप तशी लेक.
मी मात्र सीडी घेऊन आपल्या जुन्या ट्रकमध्ये जाऊन बसलो. ट्रक काही उलटा घालता येत नाही. डावीकडच्या स्पीकरमधून, लहानपणी तू बसायचीस त्याच सीटवरून, तुझी टकळी सुरू झाली. फार बरं वाटलं. तिसऱ्या गाण्याला सवयीने तुला सांगितलं, दार नीट लावून घे.
राग गेला. लोभ होता तिथेच आहे.
तुझा बाबा