घोडा त्यांचा बदलला, कार्ड माझं गेलं

नगर, सोमवार, ता. १५ फेब्रुवारी १९७१

रा. रा. राधाकृष्णराव यांना,

श्रीमंत टांगेवाल्याचा, डोकं तापलेलं असलं तरी हात जोडून, रामराम. तुमचा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा सोडू नका. आक्काबाई वहिनींचे गुडघे थंडीत धरले होते, ते आता सुटले असतील. जामखेडला नळाला पाणी येतं का अजून नुसती हवाच येते, तेही कळवा. इकडे तुमची बहीण पुष्पावती ठीक आहे, घोडी ठीक आहे. मी ठीक नाही. तुम्ही हायस्कुलात मराठीचे मास्तर, चार लोक तुमचा शब्द मानतात, म्हणून गाऱ्हाणं तुमच्यापुढं घालतो. नगरात ऐकून घेणारा कुणी राहिला नाही.

आमच्या पेठेत कै. छगनशेठ वस्तुसंग्रहालय आहे. (म्हणजे छगनशेठच्या तलवारी, गंजकी नाणी आणि एक फुटका हुक्का. बघायला तिकीट नाही, तरी कुणी जात नाही.) त्याचे चिटणीस आप्पासाहेब, निवृत्त मामलेदार, रोज संध्याकाळी फिरायला जातात, म्हणजे माझ्या टांग्यात बसून जातात आणि बसूनच परत येतात. त्यांनी यंदा टूम काढली की पाच रविवार दुपारी चारला, वरच्या दालनात, अमेरिकेतल्या गुराख्यांचे जुने गाजलेले पिच्चर दाखवायचे, आणि मधून मधून पुण्याच्या प्रोफेसरांनी त्यांचा अर्थ सांगायचा. मला म्हणाले, श्रीमंत, घोड्यांचे पिच्चर आहेत, तूही ये, बायकोलाही आण. आणि दोन कार्डं दिली. पुठ्ठ्याची, गुलाबी, वर माझं नाव. खोटं कशाला सांगू, मी ते कार्ड देवघरात ठेवलं होतं.

पहिला रविवार बरा गेला. गुराखी म्हणे! दोन तास बघितलं, एकानं धार काढली नाही की शेण उचललं नाही. पण घोडे, राधाकृष्णराव! एकेक असा की काष्टीच्या जनावरांच्या बाजारात उभा केला तर माणसं जेवायचं विसरतील. मी घरी आलो आणि घोडीला जास्तीचा हरभरा घातला. (तिचा काय दोष? ती ह्या देशात जन्मली.)

काल दुसरा रविवार. पिच्चरमधला नायक कमी बोलणारा, टोपी डोळ्यावर. गावातल्या गुंडांनी त्याला गोळी घातली, तो तसाच घोड्यावर चढला आणि डोंगराकडं निघाला, मागून सात जण. आता जगतो का मरतो, असं म्हणेपर्यंत प्रोफेसरांनी हात वर करून मशीन बंद करवलं आणि दिवे लावले! शेवट बघण्याआधी शेवटाचा अर्थ समजला पाहिजे, ही त्यांची पद्धत. अहो, ताटात पुरणपोळी वाढायची, हात धरायचा आणि डाळ कुठल्या शिवारातली ते सांगत बसायचं, ही कुठली रीत? तरी मी गप्प बसलो. मग ते म्हणाले, नायकाचा घोडा म्हणजे त्याचं मन आहे, सगळं जग बदलतं, पण हा घोडा पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलत नाही.

आता मला सांगा. घोडा बदलला होता! गावातून निघाला तेव्हा मागचा उजवा पाय पांढरा, डोंगरावर चढला तेव्हा मागचा डावा पाय पांढरा. पिच्चर काळा-पांढरा असला म्हणून काय झालं, पाय तर दिसतो. आणि बाजाराचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. कुणी जनावराची खोटी तारीफ करत असेल आणि शेजारी जाणता उभा असेल, तर त्यानं तिथल्या तिथं खोड सांगायची. गप्प बसला तर तोही त्या लबाडीत सामील. माझ्या वडलांनी ह्या रिवाजापायी सख्ख्या साडूशी वाकडं घेतलं. मी कसा बसून राहू? उठलो आणि म्हणालो, साहेब, जनावर दुसरं आहे.

प्रोफेसर हसले. (हसले म्हणजे जसं आपण लहान पोराला हसतो तसे.) म्हणाले, काका, तुम्हाला भ्रम झाला. भ्रम! तीस वर्षं मी घोड्यांचे पाय बघून पोट भरतोय आणि मला भ्रम! मी म्हणालो, मग मागं फिरवा आणि बघा. मागं बसलेले आमच्या स्टँडवरचे दोघं-तिघं ओरडले, ‘व्हय, व्हय, फिरवा! हून जाऊ द्या!’ मशीनवर अजीज होता, स्वभावानं गरीब, त्यानं कुणाचं मन न मोडता रीळ मागं घेतलं. गावातला प्रसंग आला. पाय उजवा. प्रोफेसरांनी स्वतः छडी टेकवून पाहिला. मग पुढं डोंगर आला, मी ओरडलो, थांबव अजीज, हितंच थांबव! त्यानं थांबवलं. पाय डावा! साऱ्या दालनानं बघितला. टाळ्या पडल्या.

ह्यात माझा गुन्हा काय, ते तुम्हीच सांगा. पण अजीजनं चित्र थांबवलं ते थांबवलंच, आणि मशीनचा दिवा असतो जळता. घोड्याच्या त्याच डाव्या पायावर आधी एक तपकिरी ठिपका उठला, मग तो वाढत वाढत पोटापर्यंत गेला, आणि बघता बघता घोडा, नायक, डोंगर, सगळं पेटल्यासारखं झालं. बायका किंचाळल्या. अजीजनं गडबडीत काहीतरी ओढलं आणि मशीनचा दिवाच फुटला. शेवट राहिला तो राहिलाच.

आणि प्रोफेसर काय म्हणाले असतील? अंधारात उभे राहून म्हणाले, घोडा बदलतो ह्यातच तर दिग्दर्शकाची प्रतिभा आहे, कारण नायकाचं मन बदललं! पाच मिनिटांपूर्वी बदलत नाही म्हणून थोर, आता बदलतो म्हणून थोर. बाजारात असं बोलणाऱ्याला लोक बाजारात ठेवत नाहीत. इथं त्याला हार घातला.

आणि मला? आप्पासाहेबांनी सगळ्यांदेखत हात पुढं केला आणि माझं गुलाबी कार्ड काढून घेतलं. म्हणाले, पुढच्या रविवारी पुण्याहून नवा दिवा येईल, आधी हाच राहिलेला शेवट दाखवू, पण श्रीमंत, तुझी लेखी माफी, शुद्ध भाषेत, सगळ्यांसमोर वाचल्याशिवाय तुला आत पाऊल नाही. खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो, हे तर आप्पासाहेब! तुमच्या बहिणीचं कार्ड मात्र तिच्याकडंच आहे. ती बायकांच्या बाजूला बसली होती. शेजारणीनं विचारलं, हा कोण ओरडतोय हो? तर ही म्हणाली, ‘कोन जाणे, आसंल कुनी टांगेवाला.’ अठरा वर्षांचा संसार, राधाकृष्णराव!

तेव्हा मी ठरवलं आहे. माफी मागणार नाही. मान गेली तरी नाही. त्यांचे उरलेले तीन रविवार त्यांना लखलाभ. आप्पासाहेबांनी उद्यापासून पायी फिरावं, तब्येतीला बरं. मला त्या पिच्चरचं काही पडलेलं नाही.

थोरांना नमस्कार, पोरांना पाप्या, आणि तुम्हाला खोकल्यापासून सुट्टी मिळो.

आपला, ज्याचं चुकलं नाही तो,
श्रीमंत

ता. क. – तो नायक जगतो का हो? तुमच्या शाळेत कुणी बघितला असेल तर विचारा. आणि डोंगरावर जर दुसराच घोडा, तर तो पहिला गेला कुठं? त्याला गोळी लागली का कुणी विकला? काल रात्री डोळ्याला डोळा नाही.

ता. क. दुसरा – उलटटपाली माफीचा एक मजकूर लिहून पाठवा. शुद्ध पाहिजे. वाचताना माफी वाटली पाहिजे, पण मागितलेली नसावी. शनिवारच्या आत हातात पडला पाहिजे, नाहीतर रविवार गेला. पुष्पावतीला कळू देऊ नका. अक्षर तिचं चांगलं म्हणून पत्ता तेवढा तिच्याकडून घालून घेतो.

दादास पुष्पावतीचा नमस्कार. पत्ता घालायला पाकीट दिलं, ते उघडंच होतं. माफी चांगली लिहून पाठव, ह्यांचा जीव खरंच टांगणीला लागलाय, कालपासून धड जेवले नाहीत. पण पत्र रविवार उलटल्यावर, पुढच्या सोमवारी पोस्टात टाक, त्याच्या आधी नको. घोड्याचा पाय मलाही दिसला होता, ह्यांच्या आधी. पण मला शेवट बघायचा होता.