झील धरायला कुणी नव्हतं

आबा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमचं सगळं तोंडपाठ. बिरोबाची अख्खी ओवी तुम्ही दिवस मावळेपर्यंत म्हणायचात आणि एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी आहे. बायको पोरीला घेऊन कासुर्डीला माहेरी गेली आहे आणि मी यवतच्या घरात कागद घेऊन बसलोय. तोंडावर बोलायची वेळ होती तेव्हा बोललो नाही. आता कागद काही उलटून विचारत नाही, म्हणून हे शहाणपण.

मी ऐकायचो ते संगीत तुम्हाला आठवत असेल. तुम्ही त्याला कालवा म्हणायचात. रांजणगावच्या एमआयडीसीत नवा लागलो होतो, प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मशीनवर. पुण्याहून येणाऱ्या दोन दोस्तांनी मला हेवी मेटलचं वेड लावलं. पाळीभर प्रेसचा धडधडाट ऐकलेल्या माणसाला घरी आल्यावर शांतता हवी असते म्हणतात, मला मात्र त्याहून मोठा आवाज हवा असायचा. काळे टी-शर्ट घेतले, केस वाढवले. एका गुरुवारी मी आपल्या वडगावच्या घरी, स्वयंपाकघरातच मोठ्या आवाजात गाणं लावलं. तुम्ही भाकरी खात होता. आई म्हणाली, "बंद कर रं ते, म्हस दूध चोरंल." तुम्ही मात्र हात वर करून तिला थांबवलं आणि घास तोंडात तसाच ठेवून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणालात, "ढोल झकास हाय. वाजिवणाऱ्याच्या हातात दम हाय. पर गळा कुठं हाय? ह्यो गडी गातुय का त्येच्या पोटात कळ आलीया?"

आई पदर तोंडाला लावून हसली आणि माझं डोकं फिरलं. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. तुम्ही चिडला नाहीत. "न्हाई कळत," म्हणालात, "पर ढोल एवढा थोर आसंल, तर गळा त्येच्यावर चढाया पायजे. त्येच्याखाली चिरडून कसं चालंल?" आणि उठून हात धुतलेत.

ते वाक्य पायात काटा मोडावा तसं माझ्यात राहिलं. तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून मी गळा असलेले बँड शोधायला लागलो. नुसते ओरडणारे नकोत, तसल्या प्रचंड ढोलावर, गिटारींवर चढून मोकळ्या गळ्यानं गाणारे. फिनलंडची एक बाई सापडली, तिचा आवाज विहिरीतून पोहरा वर यावा तसा सरळ वर येतो. पोर्तुगालचा एक गडी सापडला, तो हळू गातो आणि मागे वादळ चालू असतं. एकेक सापडला की वाटायचं, आता आबांना ऐकवू. ऐकवलं एकही नाही. मुद्दा जिंकायचा होता, आणि हरलो तर काय, ही धास्ती होती.

आता बिरोबाच्या जत्रेचं सांगतो. त्यासाठीच बसलोय, इतका वेळ नुसती चालढकल चाललीय.

त्या वर्षी तुमचे झीलकरी, म्हणजे थोरले काका, डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरात होते. ओवी एकट्याची नसते हे मला कुणी शिकवायला नको होतं. म्हणणारा ओळ म्हणतो, शेवट अधांतरी सोडतो, आणि त्याच्या उजव्या हाताला उभा असलेला झीलकरी तो शेवट उचलून परत म्हणतो. तेवढ्यात म्हणणाऱ्याला श्वास मिळतो. लहानपणी मेंढरांमागे चालताना मी तुमची झील धरायचो. सकाळी चुलीपाशी तुम्ही म्हणालात, "आज तू धर झील. तुला येतीया." आणि मला नेमके आठवले ते दोघे दोस्त. जत्रा बघायला ते येणार होते. त्यांच्यासमोर कपाळाला भंडारा लावून, खांद्यावर घोंगडं टाकून, कानावर हात ठेवून उभं राहायचं? मी गळ्याला हात लावला आणि घोगरा आवाज काढून म्हणालो, "घसा बसलाय, आबा."

घसा बसला नव्हता. साफ खोटं होतं ते.

तुम्ही म्हणालात, "व्हय? मग बोलू नगंस." कमरेची चंची सोडलीत, ज्येष्ठमधाचं कांडं काढलंत. गायच्या आधी तुम्ही ते दाढेखाली धरायचात. एकच होतं. ते माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "चघळ. गळा जपावा मानसानं." आणि स्वतः तसेच गेलात. मी कांडं जीन्सच्या खिशात कोंबलं आणि फाट्यावर दोस्तांना आणायला गेलो. तुम्ही कसं गायलात ते मला ठाऊक नव्हतं, मी तिकडे फिरकलोच नाही असंच मला आठवत होतं. पुढे तुम्ही मला झील धरायला कधीच बोलावलं नाहीत. फोनवर मात्र दर खेपेला एकदा विचारायचात, "घसा बरा हाय का?" मी म्हणायचो, "बरा हाय." मला वाटायचं, म्हातारा किती भोळा आहे.

मागच्या महिन्यात मी इंटरनेटवर मेटलवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं, सुंदर गळ्याचे नवे बँड सुचवा. कसा गळा हवा तेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: मोकळा, नक्षीकाम नसलेला, मोठ्या ढोलावर चढणारा. बरीच नावं आली. पोलंडच्या एका माणसानं लिहिलं, तू पुण्याकडचा ना, मग हे ऐक, हे मेटल नाही पण तू म्हणतोस तो आवाज हाच. खाली एका व्हिडिओची लिंक होती. जत्रेला आलेल्या कुणा पाहुण्यानं मोबाइलवर काढलेला. उघडला तर तुम्ही.

पांढरा पटका, कपाळभर भंडारा, डावा हात कानावर. तुमचा आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता, आबा. आई गेली, काका गेले, ओवी कुणी लिहून घेतली नाही. माझ्या फोनमध्ये जगभरातले गळे भरलेत आणि त्यात तुमचा नव्हता. तुम्ही ओळ उचलता, ढोल खाली घुमतो आणि तुमचा गळा त्याच्यावर चढतो, अगदी म्हणाला होतात तसाच. मग शेवट अधांतरी सोडून तुम्ही सवयीनं मान उजवीकडे वळवता. उजवीकडे कुणी नाही. ढोलाचे दोन ठोके रिकामे जातात. मग तुम्हीच तुमची झील धरता, श्वास न घेता. दुसऱ्या ओळीला पुन्हा मान वळते, पुन्हा रिकामे दोन ठोके. आणि त्या रिकाम्या जागेत, चौकटीच्या बाहेरून, एक पोरगा खणखणीत आवाजात ओरडतो, "ए, इकडं या रं, बर्फाचा गोळा इथं चांगला मिळतुय!"

तो आवाज माझा आहे. असा बसलेला घसा आजवर कुणी ऐकला नसेल. तुम्ही त्या आवाजाकडे बघता, अगदी थोडं, मग कानावरचा हात घट्ट करता आणि स्वतःची झील स्वतः धरता. तिसऱ्या ओळीला तुम्ही मान वळवतच नाही.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. आणि तरी पुढची पाच वर्षं, जाईपर्यंत, तुम्ही फोनवर विचारत राहिलात, घसा बरा हाय का. तुम्ही मला दर खेपेला खरं बोलायला जागा करून देत होता आणि मी दर खेपेला "बरा हाय" म्हणून फोन आईकडे द्या म्हणायचो. भोळा कोण होता, हे आता विचारायलाही लाज वाटते. परवा कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून मी व्हिडिओ लावला आणि त्या रिकाम्या दोन ठोक्यांत झील धरून पाहिली. वाटलं होतं शब्द विसरलो असेन. एकही विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर बरं झालं असतं, निदान तेवढं तरी कारण सांगता आलं असतं.

व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हाच ग्रुपवर मी लिहिलं होतं, हे गाणारे माझे वडील आहेत. ते लिहिताना छाती फुगली होती. लोकांनी तुमचं कौतुक केलं आणि मी ते सगळं घेतलं, ज्या गळ्याशेजारी उभं राहायला लाजलो त्याच गळ्याचं. मग त्या पोलंडच्या माणसानं विचारलं, मध्येच कोण गाढव ओरडतोय, सगळा विचका केला त्यानं, ओळखतोस का?

हे पत्र मी घडी करून तुमच्या रिकाम्या चंचीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? पण त्याला काय उत्तर दिलं ते तुम्हाला सांगायला हवं. मी लिहिलं, "असेल जत्रेतलं कुणीतरी."