केस गळतीच्या गोळ्या

धम्मानंद,

जेवण झाकून ठेवलं आहे. माह्या केस गळतीच्या गोळ्या संपल्या म्हणून आज मीच होमिओपॅथीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर मॅडमनं विचारलं, "नवरा ऑफिसात गेल्यावर आता भीती कमी वाटते का?" फॉर्मवर तुह्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘बायको दिवसातून दहादा फोन करते, श्वास घेऊ देत नाही.’

गोळ्या केसांच्या नव्हत्याच. मले तोंडावर सांगाले काहून जमलं नाही तुले? सहा महिने रोज सकाळी माह्या हातावर चार गोळ्या ठेवत होता. पथ्य म्हणून मी कॉफीसुद्धा सोडली.

आज दोन कप प्यायली. कप तू विसळ. मी बसनं कोराडीले ताईकडे चालली, एकटीच. पोहोचल्यावर फोन करणार नाही.

दीप्ती