सर्वानुमते मंजूर

३ फेब्रुवारी, सोमवार

टेबल आलं. खुर्च्या उद्या येणार. म्हणजे आज दिवसभर शाखाप्रमुख खोक्यावर बसून होत्या!

खोली चौथ्या मजल्यावर. खिडकी एक, आणि समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी. खाली दाराशी सत्तावीस कंपन्यांच्या पाट्या, आणि अख्ख्या इमारतीत दिवसभरात माणसं दिसली चार. त्यातला एक लिफ्ट दुरुस्त करणारा. मालक फोनवर म्हणाले, "तिथे कर नावापुरता, म्हणून सगळे पाटी लावतात. पण आपल्याला नुसती पाटी चालायची नाही बाई. आपले करवाले विचारतात, निर्णय खरंच तिथे होतात का? तिथे राहून ते घेणारं कुणी आहे का?"

तर ते राहणारं कुणी म्हणजे मी. दोन वर्षं.

४ फेब्रुवारी

खुर्च्या आल्या. तीनपैकी एक डगमगते. ती पाहुण्यांना.

७ फेब्रुवारी

आज काम नव्हतं. आलेला राग लिहून टाकते.

आमची कंपनी डब्यांची झाकणं बनवते. चोवीस वर्षं मी मालकांच्या केबिनबाहेर बसून पत्रं टाइप केली, सभांची इतिवृत्तं लिहिली. निघायच्या आदल्या दिवशी चहा झाला, तेव्हा मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी चोवीस वर्षांत मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. म्हणून तर त्यांना पाठवतोय!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या! विमानात बसल्यावर संताप झाला. मला राग नेहमी असाच उशिरा येतो.

हे चहाला आलेच नाहीत. हेही त्याच कंपनीत, मागच्या शेडमध्ये साचे बनवतात. एकतीस वर्षं झाली. पूर्वी शेडमध्ये नऊ जण होते, आता दोन लेथ आणि हे. मला सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "जा. मी जेवत जाईन." आमच्या संसारात मोठी भाषणं कधी झाली नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फजिती!

कागदोपत्री ही शाखा म्हणजे वेगळी कंपनी. तिचे संचालक तीन. मालक तिकडून फोनवर, इथले एक वकीलसाहेब (मूळचे आपल्याकडचेच) आणि अध्यक्ष मी. आज पहिली सभा, अकरा वाजता. मी नेहमीप्रमाणे इतिवृत्त कालच टाइप करून ठेवलं होतं. वकीलसाहेब पावणेअकराला आले, डगमगत्या खुर्चीत बसले, कागद वाचला आणि घड्याळाकडे बघितलं.

"बाई, सभा अजून सुरू व्हायचीय. आणि इथे आपण एकमेकांचे आभार मानून उठलोसुद्धा!"

मी सांगितलं, आमच्याकडे असंच असतं. मालक शनिवारी ठरवतात, मी सोमवारी टाइप करते, बुधवारी सगळे चहाला बसतात आणि मी सह्या घेते. खाली 'सर्वानुमते मंजूर' असतंच. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सत्तरीचे आहेत, तीसेक कंपन्यांत असेच संचालक म्हणून बसतात, पण असं ऐकलं नसावं.

"मग एवढ्या लांब आलात कशाला? जे ठरेल ते या खोलीत ठरायला हवं. कुणी काय म्हटलं ते म्हटल्यावर लिहायचं."

माझाच कागद उलटा करून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. कोऱ्या बाजूवर मी पेन्सिलीनं लिहीत बसले. कानापर्यंत लाल झाले असेन.

१९ फेब्रुवारी

यांचा फोन. भाजी करपली. पण खाल्ली म्हणे.

२६ फेब्रुवारी

दुसरी सभा. आमच्या सगळ्या साच्यांचे हक्क आज इथल्या कंपनीच्या नावावर झाले. यापुढे नवीन साचा कुणाकडून बनवून घ्यायचा तेही इथूनच ठरणार. मी एक प्रश्न विचारला! प्रश्न साधाच होता, जुने साचे यात धरायचे का, एवढाच. मालकांनी तो मला पुन्हा विचारायला लावला. मग "धरा" म्हणाले.

संध्याकाळी यांना सांगितलं, "अहो, तुमचे सगळे साचे आता माझ्या ताब्यात!"

"सांभाळ मग," म्हणाले, आणि हसले. किती दिवसांनी हसू ऐकलं.

९ मार्च, रविवार

कपडे धुतले. खिडक्या पुसल्या. घरमालकीणबाईंनी जिन्यात कौतुक केलं. करमत नाही.

१४ मार्च

फोनवर हे काहीतरी लपवतात. मी खोदून खोदून विचारलं. "वेळ आली की सांगतो." तब्येत? नाही म्हणाले. पैसे? नाही. मग काय? "तुझ्याकडे जिने किती आहेत?" मी म्हटलं, दोन. यांना माझ्या गुडघ्यांची काळजी! विषय बदलायचा तर नीट तरी बदलावा माणसानं.

२१ मार्च, शुक्रवार

मालकांकडून कागद आले. २६ तारखेच्या सभेचं इतिवृत्त, टाइप केलेलं, तयार. माझ्या जागेवर बसणाऱ्या मुलीनं माझ्याच जुन्या फाइली बघून केलंय. माझीच वाक्यं, माझेच स्वल्पविराम.

कलम चार: नवीन साचे यापुढे बाहेरून बनवून घ्यावेत, आणि तिकडचं साचेघर ३० एप्रिलपासून बंद करावं. सर्वानुमते मंजूर.

साचेघर म्हणजे यांची मागची शेड! फोन केला. म्हटलं, "मालक, हे कलम चार..."

"हो, ते ठरलंय."

"यांना माहीत आहे?"

"त्याची काळजी तुम्ही करू नका बाई. तुम्ही फक्त सही करा."

२३ मार्च, रविवार

यांच्याशी वीस मिनिटं बोलले आणि विचारलं नाही. माहीत असतं तर यांनी सांगितलं असतं. आणि माहीत नसेल, तर ती बातमी माझ्या तोंडून? फोनवर? मी पाण्याबद्दल विचारलं, गॅसबद्दल विचारलं.

साचा घासून झाला की हे त्यावर फुंकर मारतात आणि अंगठ्याचं नख फिरवून बघतात. मोजमाप नंतर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा शेडचं कुलूप लागलंय ना, बघून येतात. असा माणूस सत्तावन्नाव्या वर्षी घरात बसून काय करणार? शेजाऱ्यांच्या कड्या दुरुस्त करत फिरेल, आणि एक दिवस तेही थांबेल. मला ते बघवणार नाही. आणि खाली सही माझी असणार.

२५ मार्च

वकीलसाहेबांकडे गेले. विचारलं, मी नको म्हटलं तर?

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तीस कंपन्यांत बसतो मी. हे आजवर कुणी विचारलं नाही हो!" मग समजावून सांगितलं. तिघांत बहुमत. "मी आपला अध्यक्षांबरोबर जातो, वाद नको म्हणून. आणि अध्यक्ष कोण आहे?"

घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून 'नाही' म्हणून बघितलं. आवाज फुटेना. दुसऱ्यांदा बरा आला. त्रेपन्न वर्षांची बाई मी, आणि आरशासमोर तालीम!

२६ मार्च, बुधवार

झालं!

टेबलाच्या मधोमध फोन. कलम एक, दोन, तीन पटापट झाली. कलम चार वाचलं आणि मी म्हटलं, "माझा विरोध आहे."

मालक हसले. "बाई, पुरे चेष्टा."

"चेष्टा नाही. साचेघर बंद करू नये असं माझं मत आहे. लिहून घेतलंय."

वकीलसाहेबांनी न बोलता हात वर केला. तो फोनवर दिसत नाही हे लक्षात आल्यावर खाकरून म्हणाले, "मी अध्यक्षांबरोबर."

मग मालक चिडले. "मी तुम्हाला तिथे पाठवलंय ते..."

"निर्णय घ्यायला," मी म्हटलं. "करवाल्यांना तुम्ही तसं लेखी दिलंय. ते पत्र मीच टाइप केलं होतं."

"तुम्हाला काही कल्पना नाही बाई!" म्हणाले आणि फोन ठेवला.

इतिवृत्त तिथेच हातानं लिहून काढलं, अक्षर चांगलं आलं. कलम चार नामंजूर, दोन विरुद्ध एक. वकीलसाहेबांनी सही केली आणि म्हणाले, "करवाले आलेच कधी, तर हा कागद सगळ्यात वर ठेवा."

नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. भीती वाटायला हवी, ती वाटत नाही. यांचं साचेघर राहिलं! येताना दोन कप घेतले, निळे. एकटीला दोन कशाला लागतात देव जाणे. यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सावकाश सांगेन.

२७ मार्च

सकाळी यांचाच फोन आला. मालकांनी सांगितलं होतं.

रागावले नाहीत. आधी चहा झाला का विचारलं. मग म्हणाले, "शेड बंद करा असं मीच त्यांच्या मागे लागलो होतो गं. नाहीतर मला सोडत नव्हते. एक मेचं तिकीट काढलंय तिकडचं. तुला न सांगता दारात येऊन उभा राहणार होतो."

मी म्हटलं, "मला एका शब्दानं विचारायचं तरी!"

"तू तरी कुठे विचारलंस?" म्हणाले.